काम चांगलं, पण आमच्या गल्लीत नको!

मैत्रिणींनो, "काम फार चांगलं आहे हो, पण आमच्या गल्लीत नको," हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलंच असेल. कचरा डेपोच्या बाबतीत ऐकलं असेल, दारूच्या दुकानाच्या बाबतीत ऐकलं असेल. (तिथे तर ते म्हणायलाच हवं!) गेले चार-पाच महिने मी मात्र ते माणसांच्या बाबतीत ऐकते आहे. तेही म्हाताऱ्या आणि आजारातून उठलेल्या बायांच्या बाबतीत.

गोष्ट आमच्याच गावची. बुलढाणा जिल्ह्यातलं, घाटाखालचं तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण संक्रांतीला याच सगळ्यांच्या घरी मला हळदीकुंकवाला जायचं आहे. आमच्याकडे बसस्टँडपासून दहा मिनिटांच्या अंतरावर 'मिशन कंपाउंड' आहे. चर्च, त्याच्या मागे जुना कौलारू बंगला, आणि बंद पडलेल्या शाळेच्या चार खोल्या. रविवारी सकाळी उपासनेला पंचवीस-तीस घरांची मंडळी येतात. बाकी आठवडाभर तिथे बकऱ्या चरतात आणि संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. बंगल्याचं एका बाजूचं छत खाली आलं आहे.

चर्चच्या कमिटीपुढे एका संस्थेनं प्रस्ताव ठेवला. बंगला आणि शाळेच्या खोल्या भाड्यानं द्या, दुरुस्ती आम्ही करतो, तिथे पंचवीस बायांसाठी निवासाची सोय करू. निराधार वृद्ध बाया, आणि मानसिक आजारातून बऱ्या झालेल्या पण घरच्यांनी परत न नेलेल्या बाया. आमचं महिला मंडळ आरोग्य शिबिरं वगैरे घेतं, म्हणून दोन्ही बाजूंनी आम्हाला मध्ये घातलं. झालं! तेव्हापासून आमच्या भिशीत साड्या-दागिने बंद आणि हाच विषय सुरू.

"ताई, तुमचं समदं बरोबर हाये," समोरच्या ओळीतल्या वहिनी म्हणाल्या, "पन आमच्या पोरी त्याच रस्त्यानं ट्युशनला जातात. एखादी बाई धावून आली तं?" दुसरीचं म्हणणं, "काऊन बा, गावाबाहेर जागा नाही काय? तिकडं मोकळी हवाही भेटन त्यायले." एका काकांनी घरांचे भाव पडतील म्हणून सांगितलं. कोणी कुजबुजलं, "हे धर्मांतराचं काम तर नाही ना?" आणि एका आजींनी सगळ्यांत खरा प्रश्न विचारला, "पानी कुठून आनसान?"

तो प्रश्न मला पटला. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो. पंचवीस बाया, त्यांची धुणी, आंघोळ, स्वयंपाक. कंपाउंडात जुनी विहीर आहे, पण ती उपसलेली नाही. सांडपाण्याची नाली सरळ समोरच्या ओळीच्या दारातून जाते. अशा हरकतींना 'लोकांची मनं छोटी' म्हणून उडवून लावणाऱ्या समाजसेवकांचा मला राग येतो. ज्या बाईच्या दारातून नाली जाते, तिनं नाही विचारायचं तर कोणी विचारायचं?

पण पाण्याला आणि नालीला उत्तर असतं. विहीर उपसता येते, शोषखड्डा खणता येतो. "गावाबाहेर न्या" याला उत्तर देणं कठीण जातं, कारण ते ऐकायला दयाळू वाटतं.

ही सूचना काही आजची नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी राहण्याची आणि शिकण्याची सोय. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय या संशयावरून पालकांनी मुली काढून नेल्या आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली. संशय अगदीच हवेतून आला नव्हता. रमाबाई सक्ती करत नव्हत्या, पण त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली जाऊन बसत. मला वाटतं, कोणाच्याही ताब्यात आसरा नसलेली बाई असते तेव्हा हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, मग संस्था चर्चची असो, मठाची असो, नाहीतर पुढाऱ्याची. त्याच शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग १८९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आई-वडील आधीच्या एका दुष्काळात उपासमारीनं गेले होते. त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली घेऊन पुण्याला आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. अधिकाऱ्यांनी या मुली शहरात ठेवायला मनाई केली. म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रमही १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याला गेला, तेव्हाही कारण प्लेगचंच. रोज कॉलेजात शिकवून कर्वे पायी हिंगण्याला जात, पाठीवर सामान घेऊन. आज हिंगणं पुण्याच्या पोटात आहे, पण त्या वेळी ते रानच होतं.

बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये आनंदवनाचं काम सहा कुष्ठरोग्यांना घेऊन सुरू केलं, तेही वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ जागेवर. तिथे पिकलेली भाजी सुरुवातीला वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. पुढे १९६४ मध्ये आनंदवनात कॉलेज निघालं आणि आसपासची धडधाकट पोरं-पोरी रोज तिथे शिकायला जाऊ लागली. समाज आश्रमाकडे गेला. पण त्यासाठी किती वर्षं लागली बघा, आणि बाबा-साधनाताईंसारखी माणसं लागली. प्रत्येक तालुक्याला ती कुठून आणायची?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वऱ्हाडात १८९९-१९०० चा दुष्काळ भयंकर होता. तेव्हा अमेरिकेहून आलेल्या अलायन्स मिशनची अनाथालयं इथे चालत होती, मुलांचं अकोल्याला आणि मुलींचं खामगावला. (खामगाव १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, हे आता पुष्कळांना ठाऊक नसतं.) याच मिशनच्या जेनी फुलर बाईंनी इथल्या बायकांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९०० साली निघालं. त्यातलं सगळंच पटण्यासारखं नाही, परक्या नजरेनं लिहिलेलं आहे, पण दुष्काळातल्या पोरींना ताटावर बसवलं हे खरं.

आमच्या गावच्या चर्चमध्ये एक मावशी आहेत, निवृत्त नर्स. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण आवाज अजून वॉर्डात ऐकू जाईल असा. भर बैठकीत त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझी आजी खामगावच्या अनाथालयात वाढली. दुष्काळात आणली तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. तिला आपल्या गावाचं नाव सांगता येत नव्हतं. लग्न होऊन ती या कंपाउंडात आली. तुम्ही म्हणता इथं निराधार बाया नको. अहो, आम्ही कोण आहोत?"

बैठक गप्प झाली. पण गंमत अशी, की मावशींचा स्वतःचा पुतण्याच या प्रस्तावाच्या विरोधात! आणि त्याचं म्हणणंही खोटं नाही. "आज पंचवीस बाया, उद्या संस्थेचा बोर्ड, परवा संस्था म्हणेल जागा आमची. आमच्या हातात काय राहील? एवढीच तर वाडवडिलांची खूण आहे." थोडक्या घरांच्या समाजाला जागा जाण्याची भीती कशी असते, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही.

म्हणून आम्ही वकिलांकडे गेलो. विश्वस्त संस्थेची जागा कोणाच्या मर्जीनं देता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ सांगतं की अशी स्थावर मालमत्ता विकायची, बदलायची किंवा बक्षीस द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त काळ आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ द्यायची असेल तर. देवळाच्या, चर्चच्या, या कायद्याखाली नोंदलेल्या सगळ्याच विश्वस्त संस्थांना हे लागू आहे. पुतण्याचा चेहरा जरा सैल झाला. पण संस्थेवाल्यांची अडचण सुरू झाली: तीनच वर्षांसाठी छत, फरशी, संडास-बाथरूमवर खर्च कोण करणार? म्हणजे लांब मुदतीसाठी रीतसर अर्ज करावा लागणार. हे काम कंटाळवाणं आहे, पण असं कागदावर केलेलंच टिकतं.

धर्मांतराच्या शंकेवर मी एकच विचारलं. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचे दवाखाने आहेत, मतिमंद मुलांसाठी विद्यालय आहे. तिथे आपण किती अभिमानानं पाहुण्यांना सांगतो! धर्मस्थळानं सेवा केली तर चालते, मग शेजारच्या धर्मस्थळानं केली की शंका का? एवढं बोलून मी थांबले नाही, कारण शंका असेल तर ती कागदावर उतरवून घ्यावी. करारात लिहा: उपासनेला बसवणार नाही, प्रत्येकीला आपले सणवार, उपास, आपला देव. पाळकसाहेबांनी लगेच हो म्हटलं. उलट तेच म्हणाले, "आम्हालाही हे लिहून हवं आहे. उद्या आमच्यावर नको ते यायला नको."

चर्चच्या आसपास असं काम राहू शकतं का, याचं उदाहरण मुंबईत आहे. बांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या शेजारी १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे. कॅन्सरतज्ज्ञ डॉ. लुईस डिसूझा यांनी काढलेलं. ज्यांच्यावर आता इलाज उरला नाही असे कॅन्सरचे रुग्ण तिथे शेवटचे दिवस काढतात, कोणत्याही जाती-धर्माचे, आणि पैसे घेतले जात नाहीत. बांद्र्यात घरांचे भाव काय आहेत हे मी काकांना सांगितलं. काका हसले. पण म्हणाले, "ते बांद्रा आहे, हे आपलं गाव."

मग ती "धावून येणारी बाई". या भीतीबद्दल जरा नीट बोलू या, कारण आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी होते. घरातल्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला की त्याला सैलानीला न्यायची रीत फार लांब-लांबच्या गावांत आहे. श्रद्धेबद्दल मी काही म्हणत नाही, तिथे जाऊन आईच्या मनाला उभारी येत असेल तर यावी. पण औषधही हवं. आणि काही माणसं मागेच राहतात, हे डोळ्यांनी दिसतं. रस्त्यावर, स्टँडवर, पुलाखाली.

अशांना उचलून आणणारं घर आपल्याच जिल्ह्यात आहे. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे हे जोडपं सेवासंकल्प प्रतिष्ठान चालवतं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणायचं, आंघोळ घालायची, केस कापायचे, जखमा धुवायच्या, उपचार करायचे आणि आठवण परतली की घर शोधून पोचवायचं. वहिनी म्हणतात ती "धावून येणारी" बाई बहुतेक वेळा उपाशी असते, तिला जखम झालेली असते आणि ती आपल्यालाच घाबरलेली असते. आज ती आपल्या पोरींच्या ट्युशनच्या रस्त्यावरच आहे. फरक इतकाच, की तिच्याकडे कोणी बघत नाही.

आणि बरी झाल्यावर? मला माहीत असलेली एक बाई सांगते. चाळिशीची, हात इतका सफाईदार की भाकरी हातावर थापते आणि तव्यावर पडताना आवाज येत नाही. दीड वर्षापूर्वी आजारातून उठली, गोळ्या चालू आहेत, वेळेवर घेते. भाऊ भेटायला आला, चिवडा घेऊन आला, रडलासुद्धा. पण "घरी ने" म्हटलं की गप्प. बहीण घरात आली तर लोक काय म्हणतील हा एक भाग. वडलांच्या चार एकरांत तिचं नाव आहे, हा दुसरा. तिला 'वेडी' ठेवण्यातच कोणाची तरी सोय आहे.

तिच्यासाठी कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ पासून लागू झाला. त्याचं एकोणिसावं कलम मी बैठकीत वाचून दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरच्यांनी नाकारलं, घरच नाही, किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणासाठी त्याला संस्थेत कोंडून ठेवता येणार नाही. सरकारनं वस्तीत छोटी घरं, सोयी उभ्या कराव्यात. वाचायला छान वाटतं. म्हाताऱ्यांसाठी २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. योगायोगानं त्याचंही कलम एकोणीसच! प्रत्येक जिल्ह्यात दीडशे गरीब वृद्धांसाठी निदान एक वृद्धाश्रम, असं त्यात आहे. फक्त शब्द बघा, सरकार असा आश्रम "काढील" असं नाही, "काढू शकेल" असं आहे. आपल्या सासूबाई "बघू" म्हणतात ना, त्यातलंच हे.

भीतीनं काय होतं हे लातूर जिल्ह्यातल्या हासेगावनं दाखवलं. रवी बापटले यांनी २००७ मध्ये तिथे एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय काढलं. २००९ मध्ये ही मुलं वर्गात बसली तर आमची पोरं शाळेत येणार नाहीत, असं पालकांनी धरून ठेवलं. प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. ते पालक दुष्ट होते असं मला वाटत नाही. त्यांना कोणी शेजारी बसून, प्रश्नोत्तरं करून, आधी समजावलं नव्हतं.

म्हणून आम्ही बायका गटागटानं घरी गेलो. सभेत बाई बोलत नाही, ओट्याशी बोलते. तिथे कळलं की "पोरींची भीती" म्हणणाऱ्या एका घरात नणंद आहे, सात वर्षं मागच्या खोलीत. तिचं जेवण, गोळ्या, पाळी, सगळं ही वहिनी एकटी करते. तिनं मला हळूच विचारलं, "तिथं दिवसभर ठेवून संध्याकाळी घरी आनता येईन काय?" बैठकीत तिचा हात विरोधात वर होता. मी ते कोणाला सांगितलं नाही, इथेही नाव लिहीत नाही. पण दिवसाची सोय प्रस्तावात घातली.

आता संस्थेवाल्यांबद्दल. माझा त्यांच्यावर आंधळा विश्वास नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीची गोष्ट आठवते का? दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांसाठी खाजगी 'आश्रम' निघाले होते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. अठ्ठावीस जण गेले. तिथे आत काय चाललंय हे बघायला रोज जाणारं कोणी नव्हतं.

आणि म्हणूनच मला ही जागा गल्लीत हवी आहे. गावाबाहेर सहा किलोमीटरवर घर काढलं तर तिथल्या बाईला कोणी मारलं, उपाशी ठेवलं, तर ऐकणार कोण? आमच्या गल्लीत भांडं पडलं तरी चार खिडक्या उघडतात. या चौकसपणाचा मला सुनेच्या काळात फार त्रास झाला, पण अशा घराला तोच सर्वांत स्वस्त पहारा आहे.

म्हणून मंडळानं अटींची यादी केली. नोंदणी झाल्याशिवाय एकही बाई आणायची नाही. रात्री बाई कर्मचारी हवी. डॉक्टरांचा दिवस ठरलेला. खिडक्यांच्या गजांना बाहेर निघायची वाट. शेजारच्या पाच बायांची समिती, कधीही न सांगता आत जाऊ शकेल अशी. विहीर आधी, माणसं नंतर. पोरांचं क्रिकेट बंद करायचं नाही. (ही अट मावशींची. "पोरं खेळताना बघायला मिळाली पाहिजेत त्यांना," म्हणाल्या.)

चर्चच्या कमिटीत मतं झाली, दोन मतांनी प्रस्ताव पुढे सरकला. अर्जाची कागदपत्रं गोळा होताहेत. समोरच्या ओळीतल्या अकरा घरांपैकी सात घरांनी हो म्हटलं, तीन घरं "बघू" म्हणतात, आणि काका अजून नाहीच म्हणतात.

सध्या अडलंय ते कंपाउंडच्या भिंतीवर. समोरच्यांना सात फूट हवी, वर काचा लावलेली. आमचं म्हणणं, भिंत एवढीच असावी की ओट्यावर बसलेली बाई आणि रस्त्यानं जाणारी बाई एकमेकींना दिसल्या पाहिजेत, वाटी-दोन वाटी साखर वरून देता आली पाहिजे. परवाच्या बैठकीत गवंड्याला बोलावून दोरी लावून बघितली. वहिनी पलीकडे उभ्या राहिल्या, मी अलीकडे. चार फुटांवर आमचे चेहरे दिसत होते. वहिनी म्हणाल्या, "साडेचार करा." गवंड्यानं कोळशानं खूण केली आहे, काकांचं उत्तर यायचं आहे.